जखमा झाकायच्या की दाखवायच्या? एका प्रार्थनाखोलीतल्या चित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी एक संस्था. वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून ती उभी केली, पण तिथे येणारे रुग्ण सगळ्या धर्मांचे असतात, कुठलाच धर्म न मानणारेही असतात. तळमजल्यावर लहानशी प्रार्थनाखोली आहे. समोर साधा लाकडी क्रूस, बाजूला एक मोठी कोरी भिंत. एका कुटुंबाने आईच्या आठवणीप्रीत्यर्थ त्या भिंतीवर चित्र लावायला देणगी दिली. सोबतच्या पत्रातली मागणी एका ओळीची होती: प्रभू येशूचं सुंदर चित्र, रुग्णांच्या मनाला उभारी देईल असं.

काम एका चित्रकर्तीकडे गेलं. निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं यांत तिचा हात मुरलेला. ती श्रद्धावंत आहे, पण तोवर तिने एकही धार्मिक चित्र काढलं नव्हतं. मला समितीने कलाविषयक सल्लागार म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे पहिल्या रेखाटनापासून चित्र भिंतीवर लागेपर्यंतचा सगळा प्रवास जवळून पाहता आला. संबंधितांच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्याच बैठकीत मी तिला विचारलं, सौंदर्य या गोष्टीकडे तू श्रद्धेच्या बाजूने कसं बघतेस? तिने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. देव जे घडवतो ते पाहतो आणि चांगलं आहे असं म्हणतो. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या तंबूतल्या उपासनास्थळाच्या, कारागिरीसाठी बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं जातं. धातूकाम, रत्नांचं काम, लाकडातलं कोरीवकाम हे सगळं त्या आत्म्याच्या देण्यातच मोडतं. म्हणून हाताचं कसब ही तिला उपासनेपेक्षा वेगळी गोष्ट वाटत नाही. मग म्हणाली, "झाड रंगवताना मला अडचण येत नाही. देवाने त्याला आधीच चांगलं म्हटलंय, मला फक्त नीट बघायचं असतं. अडचण येते ती क्रूसाशी. तिथे माणसांनी जे केलं ते चांगलं नव्हतं, आणि तरीही मला तिथेच सगळ्यात जास्त सौंदर्य आहे असं मानायचंय."

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते तिच्या या शेवटच्या वाक्यामुळे. ख्रिस्ती श्रद्धा कलावंताला एखादी शैली देते, मऊ प्रकाश, तेजोवलय, निळा झगा, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते श्रद्धा शैली देत नाही. ती दोन बंधनं घालते: जे आहे ते खरं दाखव, आणि ज्याच्यासमोर दाखवतेस त्याच्यावर प्रीती कर. ही दोन्ही बंधनं एकाच वेळी पाळायला गेलं की काय ओढाताण होते, ते या चित्राच्या निमित्ताने उघड झालं.

अडचण

तिचं पहिलं रेखाटन कोळशाचं होतं. क्रूसावरचा येशू, बरगड्या वर आलेल्या, मान छातीवर कोसळलेली, पायांची बोटं आखडलेली. कागद टेबलावर पसरला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. समितीत एक निवृत्त डॉक्टर होते. ते म्हणाले, "बाई, हे आमच्या वॉर्डात रोज दिसतं. तेच पुन्हा भिंतीवर कशाला?" संस्थेच्या चॅप्लेनचं, म्हणजे तिथे नेमलेल्या धर्मोपदेशकाचं, मत अगदी उलट होतं: वॉर्डात रोज दिसतं म्हणूनच ते भिंतीवर हवं.

दोघांच्याही पाठीशी पवित्र शास्त्र होतं. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला सेवक रूपहीन आहे, लोक त्याच्याकडे बघून तोंड फिरवतात. स्तोत्रसंहितेतलं पंचेचाळिसावं स्तोत्र मात्र राजाला मानवांमध्ये सर्वांत सुंदर म्हणतं, आणि ख्रिस्ती मंडळीने पहिल्या शतकांपासून ही दोन्ही वचनं येशूला लावली आहेत. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनने ती शेजारी शेजारी ठेवून विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ताने आपलं रूप टाकलं ते आपल्याला रूप यावं म्हणून, आणि ज्याला हे कळतं त्याला तो क्रूसावरही सुंदर दिसतो. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मचिंतकाने सौंदर्याच्या तीन अटी सांगितल्या, अखंडता, प्रमाणबद्धता आणि तेज. फटक्यांनी फाटलेल्या देहाला पहिली अट लावायची कशी, हा प्रश्न समितीतल्या एका तरुण सभासदाने विचारला. तो मला महत्त्वाचा वाटला, कारण रुग्णालयातल्या कुठल्याही देहालासुद्धा तोच प्रश्न लागू होतो.

तिसरा आक्षेप आणखी मुळाशी जाणारा होता. समितीतल्या एका वडीलधाऱ्या पाळकांना मुळात प्रतिमाच नको होती. दहा आज्ञांमधली कोरीव मूर्तींबद्दलची आज्ञा त्यांनी शांतपणे वाचून दाखवली. हा आडमुठेपणा नव्हता. 1524 साली, धर्मसुधारणेच्या काळात, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या चर्चमधून चित्रं आणि पुतळे काढले गेले ते याच निष्ठेपोटी. चॅप्लेनने उत्तरादाखल नायसियाच्या दुसऱ्या परिषदेचा, म्हणजे इ.स. 787 चा, पवित्र प्रतिमांना मान्यता देणारा निर्णय मांडला, आणि त्यामागचा दमास्कसचा योहान या धर्मचिंतकाचा युक्तिवादही: अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरं, पण देवाचा शब्द येशूच्या रूपात देही झाला, लोकांनी त्याला पाहिलं, स्पर्श केला, जे दिसलं ते काढता येतं. पाळकसाहेबांना हे पूर्ण पटलं नाही. पण त्यांनी दोन अटींवर संमती दिली. समोरचा क्रूस रिकामाच राहील, आणि चित्र बाजूच्या भिंतीवरच राहील, म्हणजे प्रार्थना त्याच्याकडे तोंड करून होणार नाही. या अटींनी चित्राचं पुढे भलंच झालं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय देणगीदारांच्या मनातला: सौम्य चेहरा, पसरलेले हात, मागे उजेड. अशा चित्रांना नाक मुरडण्याची कलावंतांमध्ये सवय आहे आणि ती मला पटत नाही. कितीतरी माणसांनी उशाशी असलं चित्र ठेवून शेवटचा श्वास घेतलाय, त्यांच्या श्रद्धेला कमी लेखायचा अधिकार कुणालाच नाही. चित्रकर्तीनेही नाक मुरडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो चेहरा मला काढता येईल. पण त्याने कधी काही सोसलंय, असं मला काढता काढता वाटणार नाही. मग ते खोटं होईल."

दुसरा पर्याय म्हणजे तिचं रेखाटन आहे तसं पुढे नेणं. त्याच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण इसेनहाइमच्या वेदीचित्राचं, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर उभारलेल्या चित्राचं. मथियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने ते 1512 ते 1516 च्या दरम्यान संत अँथनीच्या संघाच्या मठासाठी रंगवलं. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या विषबाधेच्या रुग्णांची हे मठवासी शुश्रूषा करत. त्या रोगात त्वचा जळल्यासारखी होई, हातपाय सडत. ग्रुनेवाल्डच्या येशूचं अंग हिरवट आहे, ओठ निळे पडलेत, कातडीभर जखमा आहेत. त्या रुग्णांना समोर आपल्यासारखाच देह दिसत होता. मात्र हे उदाहरण देताना नेहमी एक गोष्ट राहून जाते, आणि समितीतही ती राहून जात होती. त्या वेदीचित्राला दारं आहेत. एरवी ती मिटलेली असत आणि क्रूसावरचा मृत्यू दिसे. सणाला उघडली की आत पुनरुत्थान, जखमांसकट उजळलेला येशू. ग्रुनेवाल्डने रुग्णांना नुसत्या वेदनेपाशी सोडलं नव्हतं.

याच चर्चेत फ्रान्समधल्या आसीचा विषय निघाला. आल्प्समध्ये, क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमच्या परिसरात बांधलेल्या तिथल्या चर्चमध्ये जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीने 1950 साली कांस्याचा क्रूसित येशू घडवला. चेहरा अस्पष्ट, देह लाकडात मिसळून गेल्यासारखा. 1951 मध्ये बिशपच्या आदेशाने तो वेदीवरून हलवला गेला, पुढे बऱ्याच वर्षांनी परत आला. आजाऱ्यांसाठीच्या जागी उग्र प्रतिमा ठेवली की काय होऊ शकतं, हे समितीला यावरून नीट कळलं.

तिसरा पर्याय मानवाकृतीच टाळून नुसता रंग आणि प्रकाश ठेवण्याचा. पाळकसाहेबांना तो चालला असता, इतर धर्मांच्या रुग्णांनाही सोयीचा वाटला असता. यावर फार बोलणं झालं नाही, कारण देणगीपत्रात प्रभू येशूचं चित्र असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

चौथा पर्याय मी सुचवला: इसेनहाइमसारखी दारं. एका नर्सने तो एका प्रश्नात निकालात काढला: "दारं कधी उघडायची ते कोण ठरवणार?" मठात सणांचं पंचांग होतं. इथे कुणाचा मरणाचा शुक्रवार कधी येईल आणि पुनरुत्थानाचा रविवार कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि पाचव्या पर्यायाकडे बोट दाखवलं तेही तिनेच. ती म्हणाली, "ताई, पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या ना? मग एकाच चित्रात दोन्ही नाही का बसणार?"

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा म्हणतो, हातांतले व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. येशू त्याला रागावत नाही, हात पुढे करतो. मरणावर विजय मिळवलेल्या देहावर जखमा राहतात, त्या पुसल्या जात नाहीत. त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाला, फाटलेल्या देहाला अखंड म्हणायचं कसं याला, माझ्या दृष्टीने याहून चांगलं उत्तर नाही. चित्रकर्ती त्या बैठकीत पुढे काही बोलली नाही. पुढच्या खेपेला नवं रेखाटन घेऊन आली.

केलेली कृती

तिने आधी जागा वाचली. खोलीत येणारे बहुतेकजण व्हीलचेअरवर किंवा पलंगासकट येतात, म्हणजे नजर उभ्या माणसापेक्षा बरीच खाली. नेहमीच्या उंचीवर चित्र टांगलं तर त्यांना येशू वरून बघणारा दिसेल. म्हणून तिने येशू बसलेला घेतला, कमी उंचीच्या बाकावर, किंचित पुढे झुकलेला, आणि चित्र असं खाली लावायचं ठरवलं की व्हीलचेअरमधल्या माणसाच्या डोळ्यांना त्याचे डोळे भिडावेत. डाव्या हाताचा तळवा बघणाऱ्याकडे उघडा.

माध्यम एग टेम्परा, लाकडी पॅनलवर. अंड्याच्या बलकात रंगद्रव्य कालवून बारीक रेघांचे थर द्यायचे. या पद्धतीत त्वचा रंगवताना आधी हिरव्या मातीचा हात देतात आणि त्यावर गुलाबी, गेरू, पांढरा असे पातळ थर चढवतात. सहसा हिरवा पूर्ण झाकला जातो. तिने तो गळ्याखाली, मनगटाशी आणि डोळ्यांभोवती उघडा ठेवला. लांबून त्वचा जिवंत दिसते. जवळ गेलं की त्याखालून आजारपणाचा हिरवट रंग झिरपतो. त्या मनगटापाशी मी बराच वेळ उभा राहिलो होतो. त्या एवढ्याशा जागेत तिच्या पहिल्या रेखाटनातलं सगळं दुःख शिल्लक होतं, आणि ते ओरडत नव्हतं.

क्रौर्य किती दाखवायचं यासाठी तिने फ्रा अँजेलिको या इटालियन भिक्षू-चित्रकाराचा आधार घेतला. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात 1440 च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भिक्षूंच्या खोल्यांमध्ये भित्तिचित्रं केली. त्यातल्या एकात येशूची विटंबना आहे, पण छळणाऱ्यांचे देहच नाहीत. नुसते हात, एक काठी, एक थुंकणारं तोंड, मधे डोळे बांधलेला येशू. एकट्याने प्रार्थना करणाऱ्या माणसासाठी काढलेलं चित्र. बघणाऱ्याला पुरेल तेवढंच द्यायचं आणि बाकीचं त्याच्या प्रार्थनेवर सोपवायचं, ही शिस्त तिला तिथे सापडली.

यानंतर दोन ठिकाणी कठीण निर्णय आले.

पहिला सोन्याचा. पार्श्वभूमीला वर्ख नव्हता, पण तळव्यावरच्या जखमेच्या कडेला तिने तांबूस मातीचा थर देऊन वर्ख चढवला आणि अकीकाच्या दगडाने घोटला. कल्पना चांगली होती: जखमच प्रकाशाचा उगम व्हावी. संध्याकाळच्या मंद दिव्यात ती कड खरोखर पेटल्यासारखी दिसे. मला ती फार आवडली होती. त्याच नर्सला तिने मुद्दाम बोलावून दाखवलं, तर ती चाचरत म्हणाली, "सुंदर आहे हो. पण अंगठी घातल्यासारखं वाटतं." चित्रकर्तीने एक रात्र विचार केला आणि वर्ख खरवडून काढला. नंतर मला म्हणाली, जखम सजवली की आपण ती का झाली हे विसरतो. तिने सोनं चित्राच्या खालच्या कडेला, फरशीवर पडलेल्या उजेडाच्या एका अरुंद पट्ट्यात नेलं. तिथे ते कुणाच्या वेदनेचा दागिना होत नाही. हा निर्णय आता मला पूर्ण बरोबर वाटतो. वेदनेला सुंदर करून दाखवण्याचा मोह ख्रिस्ती कलेला शतकानुशतकं पडत आलाय, आणि वर्ख हे त्याचं सर्वांत सोपं साधन आहे.

दुसरा निर्णय हातांचा. येशूच्या हातांसाठी तिने तिथल्याच एका रुग्णाचे हात रेखाटले होते. त्यांनी आनंदाने आणि लेखी संमती दिली होती. सलाइनच्या सुईमुळे त्यांच्या मनगटावर काळानिळा डाग होता. रेखाटनात तो आला आणि चित्रातही उतरला. चित्र पुरं होण्याआधी ते गृहस्थ गेले. त्यांच्या मुलीने अर्धवट चित्र पाहिलं आणि डाग ओळखला. तिने तक्रार केली नाही. तो डाग काढता येईल का, एवढंच विचारलं.

समितीत मतं विभागली. संमती होती, डाग चित्राच्या दृष्टीने अतिशय बोलका होता, आणि आजच्या रुग्णाच्या देहाची खूण येशूच्या देहावर असणं हे देहधारणाच्या, म्हणजे देव माणूस झाला या, शिकवणीचं नेमकं चित्र होतं. हे सगळं चॅप्लेनने मांडलं आणि ते खरंही होतं. चित्रकर्तीने डाग काढला. तिचं कारण असं: वडिलांनी हात दिले होते, पण तो डाग मुलीच्याही आठवणीतला आहे, आणि तिने तो दिलेला नाही. चित्रातून काहीतरी गेलं, हे मान्य करायला हवं. मनगटाचा तो भाग आता नजरेला पूर्वीइतका धरून ठेवत नाही. तरीही तिने केलं ते मला योग्य वाटतं. खरं दाखवायचं आणि समोरच्यावर प्रीती करायची ही दोन बंधनं समोरासमोर आली, तेव्हा तिने दुसरं निवडलं आणि पहिल्याची किंमत मोजली.

काय झालं

चित्र लागलं. देणगीदार कुटुंबाची पहिली प्रतिक्रिया सावध होती. थोरल्या मुलाला ते गंभीर वाटलं, धाकटी बहीण मात्र खुर्ची ओढून समोर बसली आणि उठायला तयार नव्हती. निवृत्त डॉक्टर म्हणाले, हे चालेल, हा माझ्या वॉर्डातून उठून आलेला दिसतो. पाळकसाहेब चित्राकडे न बघता क्रूसासमोर प्रार्थना करतात, आणि त्याबद्दल कुणाची कधी तक्रार झालेली नाही.

रुग्णांबद्दल मोघम बोलणं बरं नाही. काहीजण खोलीत येऊन चित्राकडे बघतही नाहीत. काहींना ते आवडत नाही. एका आजींनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. तर काहीजण त्या उघड्या तळव्यावर हात ठेवतात. एग टेम्पराला ते सोसत नाही, म्हणून तिथे काच बसवावी असा प्रस्ताव आला. चित्रकर्तीने नकार दिला आणि झिजेल तेव्हा तेवढा भाग पुन्हा रंगवून द्यायचं कबूल केलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी उणीव म्हणजे रुग्णांचं म्हणणं फार उशिरा ऐकलं गेलं. पाचवा पर्याय आणि वर्खाचा आक्षेप दोन्ही नर्सकडून आले, आणि तिला ते सुचले कारण ती रोज रुग्णांजवळ असते. पहिल्या रेखाटनाआधीच चित्रकर्तीने वॉर्डात वेळ घालवला असता, तर समितीचे पहिले रुसवेफुगवे टळले असते. पहिलं रेखाटन मात्र वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते तितकं कठोर नसतं तर त्या मनगटाशी हिरवा रंग उरला नसता.

देणगीपत्रातल्या ‘सुंदर’ या मागणीवर सुरुवातीलाच देणगीदारांशी बसून बोलायला हवं होतं. त्यांच्या आईला कसलं चित्र जवळचं होतं, ते तिच्या शेवटच्या दिवसांत काय बघत होते, हे कुणी विचारलंच नाही. थोरल्या मुलाची नाराजी कदाचित त्याने दूर झाली असती.

हातांच्या संमतीपत्रात मृत्यूनंतर काय, याचा उल्लेख हवा होता, आणि ज्यांच्या देहाची खूण ओळखू येईल त्यांच्या जवळच्या माणसांनाही आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. अशा ठिकाणी मॉडेल म्हणून बसणारा माणूस चित्र पुरं होईपर्यंत असेल, असं गृहीत धरता येत नाही.

आणि चित्र उतरवायची वेळ आली तर तो निर्णय कुणी, कुणाला विचारून घ्यायचा, हे करारात लिहिलेलं नाही. आसीचा किस्सा बैठकीत सांगितला गेला, सगळ्यांनी मान डोलावली, पण कलम कुणीच घातलं नाही. पुढची समिती वेगळी असेल. देणगीदार, चॅप्लेन, चित्रकर्ती आणि नर्सिंगचा एक प्रतिनिधी यांच्या एकत्र संमतीशिवाय चित्र हलवू नये, असं पुरवणी पत्र आता तयार झालं आहे. त्यावर सह्या व्हायच्या आहेत.